‘क्युअर’चं माहेर

लिंबायत, सुरत

चि. प्राजक्ता,


तुझा परवाचा मेसेज वाचला. फोनवर उत्तर देता आलं असतं, पण तिथे तुझ्या ड्युटीची घाई आणि माझी बोलण्याची हौस यांचा मेळ बसत नाही. म्हणून लिहायलाच बसले.

तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. एक, वर्गात कुणी तरी सांगितलं की डॉक्टर ‘क्युअर’ करतात आणि नर्स ‘केअर’ करतात, आणि तेव्हापासून तुला आपलं काम दुय्यम वाटायला लागलंय. दुसरी, वॉर्डातले नातेवाईक डॉक्टरांना विचारायला धजत नाहीत, ते तुलाच गाठतात. नंदुरबारकडची माय अहिराणीत विचारते, ‘सिस्टर, मन्हा आंडोर बरा हुई जाई ना?’ शेजारच्या खाटेवरची गुजराती बाई विचारते, ‘बेन, मटी जशे ने?’ आणि काय बोलावं ते तुला कळत नाही. तू या गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यास. मला त्या एकाच गाठीची दोन टोकं वाटतात, आणि ती गाठ ‘क्युअर’ या शब्दातच सुटते. इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा शब्दापासून सुरुवात केली तर तू रागावणार नाहीस.

लॅटिन भाषेत ‘क्यूरा’ असा शब्द होता. त्याचा अर्थ काळजी, लक्ष, जबाबदारी, चिंता. रोग बरा करणं हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. रोमन माणूस घराची, शेताची, रस्त्यांची, अल्पवयीनांच्या मालमत्तेची ‘क्यूरा’ करायचा. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि तिथेही आधी तो धर्मगुरूंच्या तोंडी होता. आपल्या भागातल्या लोकांच्या आत्म्याचा सांभाळ म्हणजे ‘क्युअर’. फ्रान्समध्ये गावच्या पाद्र्याला अजून ‘क्युरे’ म्हणतात. आजार बरा करणं हा अर्थ इंग्रजीत रुळला तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे ज्या शब्दावर डॉक्टरांचा हक्क सांगून तुम्हाला बाजूला बसवलं जातं, त्या शब्दाचं माहेर सांभाळण्यातच आहे. आधी सांभाळणं होतं, बरं होणं त्याच्या मागून आलं.

आणि गंमत अशी की ‘केअर’ हा शब्द ‘क्युअर’चा भाऊ वाटला तरी तो त्याचा कुणीच नाही. तो जुन्या इंग्रजीतला, जर्मॅनिक कुळातला. त्याचा मूळ अर्थ दुःख, शोक. कुळं वेगळी असूनही दोन्ही शब्द माणसाच्या एकाच अवस्थेपाशी येऊन थांबले: दुसऱ्यासाठी जीव टांगणीला लागणं. त्यामुळे ‘हे क्युअर करतात, ते केअर करतात’ ही वाटणी कानाला छान वाटते, पण शब्दांच्या इतिहासात तिला आधार नाही आणि वॉर्डात तर मुळीच नाही.

हायजायनस नावाच्या रोमन लेखकाच्या नावावर एक कथा आहे. क्यूरा ही देवी. नदी ओलांडताना तिला चिकणमाती दिसली. विचारात गढून तिने त्या मातीची एक आकृती घडवली. ज्युपिटरने तिच्यात प्राण घातला. मग नाव कुणाचं द्यायचं यावरून भांडण लागलं. ज्युपिटर, क्यूरा आणि जिच्या अंगची माती होती ती पृथ्वी, सगळेच हक्क सांगू लागले. निवाडा शनिदेवाने केला. मेल्यावर प्राण ज्युपिटरचा, देह पृथ्वीचा. पण जिवंत असेपर्यंत हा प्राणी क्यूराच्या ताब्यात राहील, कारण तिने त्याला पहिल्यांदा घडवलं. पेशंट तुझ्याकडे असतो तो याच मधल्या काळात. पुढचे-मागचे मालक कुणीही असोत.

या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. वस्तुसंग्रहालय सांभाळणारा क्युरेटर, खोदून खोदून विचारणारा क्युरिअस माणूस, मॅनिक्युअर, पेडिक्युअर, सगळे त्याच घरचे. पण तुझ्या कामाचा नातलग म्हणजे ‘ॲक्युरेट’. त्याचा मूळ अर्थ ‘काळजीपूर्वक केलेलं’. अचूकपणा हा काळजीच्या पोटी जन्मलेला शब्द आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि माझा पहिला उपदेश त्यावरच आहे.

श्वास पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नकोस, आणि न मोजता ‘वीस’ तर कधीच लिहू नकोस. पेशंटला सांगून मोजलेस तर तो नकळत श्वास बदलतो, म्हणून नाडीवरचा हात तसाच ठेवून नजर छातीकडे वळव. हे तुला शिकवलेलं आहेच. पण रात्री तीन वाजता, सगळा वॉर्ड झोपलेला असताना, ओळीने सगळ्या चार्टांवर तोच आकडा टाकण्याचा मोह होईल. न्युमोनियाच्या माणसाचा श्वास वाढतो तेव्हा ती वाढ बाकीच्या लक्षणांच्या आधी दिसू शकते, आणि ती पकडणारं त्या वेळी तुझ्याशिवाय कुणी नसतं. तो खरा मोजलेला आकडा बघून डॉक्टर औषध बदलतील. मग क्युअर कुणी केलं? त्यातला अर्धा वाटा तुझ्या घड्याळाचा आहे. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीची कातडी लाल झाली का ते बघणं, तोंड स्वच्छ करणं, सलाइनची जागा सुजली का ते पाहणं, ही सगळी त्याच खात्यात जमा होणारी कामं आहेत.

तुझ्या पप्पांना विचार, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते ‘क्युरिंग’ कशाला म्हणतात. पिगमेंट प्रिंटचं कापड छापून वाळलं तरी काम संपत नाही. ते साधारण दीडशे अंशांच्या उष्णतेतून काही मिनिटं जावं लागतं, तेव्हा बाइंडर रंगाला धाग्यावर धरून ठेवतो. घाई केली तर दुकानात कापड सुंदर दिसतं आणि पहिल्या धुण्यात रंग सोडतं. मीठ लावून मासळी टिकवण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. तुमच्या डिंडोलीच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा पप्पा सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे, तेही क्युरिंगच. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान 7 दिवस ओलावा द्यावा असं भारतीय मानक सांगतं. या सगळ्या अर्थांमध्ये वेळ आहे. वस्तू आतून पक्की होईपर्यंत तिच्यापाशी थांबणं आहे. मिलमधला दुसरा शब्द तर आणखी जवळचा. ग्रे कापडावरचं तेल आणि मळ काढायला जे स्कोअरिंग करतात, ते ‘स्कोअर’ म्हणजे घासून साफ करणं, हेही लॅटिन ‘क्यूरा’पासूनच निघालेलं आहे. सफाई आणि इलाज एकाच आजीची नातवंडं.

सुरतेला हे नातं फार महागात शिकावं लागलं. 1994 साली तुझा जन्मही झाला नव्हता. पावसाळ्यात तापीचं पाणी शहरात आलं, ओसरलं, आणि मागे चिखल, मेलेली जनावरं, कुजलेला कचरा राहिला. त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसल्याच्या बातम्या होत्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि शहर पळालं. काही दिवसांत लाखो माणसं निघून गेली. तापी लाइनच्या गाड्यांना आपली खानदेशची माणसं दाराला लटकली होती. आमच्या गल्लीत एकाआड एक दाराला कुलूप. उरलेल्यांनी तोंडाला रुमाल बांधलेले, गटारांवर पांढरी पावडर मारलेली, आणि मेडिकलच्या दुकानांसमोर टेट्रासायक्लिनसाठी रांगा. कॅप्सूल संपल्या तेव्हा लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागले.

त्या दिवसांतलं मला आजही डाचतं ते हे: औषध होतं. 1897 च्या पुण्यातल्या प्लेगच्या साथीत ते नव्हतं. त्या वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत स्वतःला टोचून प्लेगच्या लसीची चाचणी केली, पण एकदा लागण झालेल्याला वाचवणारं औषध कुणाकडेच नव्हतं. तेव्हा हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणून त्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यातून त्यांनाच लागण झाली, आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. हातात औषध नसताना त्यांनी केलं ते क्युअर नव्हतं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. 1994 मध्ये परिस्थिती उलटी होती. प्लेगचा जंतू मारणारी साधी, स्वस्त औषधं होती. पण दवाखान्यांना टाळी लागली होती, कारण कितीतरी खाजगी डॉक्टरही गाव सोडून गेले होते. नवं सिव्हिल हॉस्पिटल चालू राहिलं. तिथले रेसिडेंट डॉक्टर, नर्सेस, वॉर्डबॉय, सफाई कामगार राहिले. देशभरातला मृत्यूंचा आकडा साठच्या आत राहिला. त्यात टेट्रासायक्लिनचा वाटा मोठा आहेच, मी तो कमी लेखत नाही. पण कॅप्सूल चालत चालत रोग्याच्या तोंडात जात नाही. ती देणारं माणूस तिथे थांबावं लागतं.

आणि मग स्कोअरिंग झालं. मे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी एसी खोलीतून उठून रोज सकाळी वॉर्डांत फिरायचं, रस्ते रात्री झाडायचे, अतिक्रमण कुणाचंही असो, पाडायचं. दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत दुसरं गणलं गेलं. स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये तर इंदूरच्या बरोबरीने पहिलं आलं. पाडापाडीत काही गरिबांवर अन्याय झाला असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. तरीही, प्लेगवरचा सुरतेचा खरा इलाज कॅप्सूलमध्ये होता तितकाच त्या झाडूत होता, यावर माझं मत ठाम आहे. तुझ्या वॉर्डातली सफाईवाली बाई रागावून फरशी पुसत असेल तेव्हा तिला बाजूला होऊन जागा दे, आणि तिचं नाव माहीत करून घे.

आता ‘बरा होईल ना?’ या प्रश्नाकडे येते.

टीबीचं उदाहरण घे, कारण लिंबायत-उधन्यातल्या लूमच्या खोल्यांत, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कारागिरांत तो तुला रोज भेटणार आहे. टीबीच्या सरकारी नोंदीत ‘क्युअर्ड’ या शब्दाला कायद्याच्या कलमासारखा अर्थ आहे. सुरुवातीला थुंकीत किंवा तपासणीत जंतू सापडले होते, पूर्ण उपचार झाले, आणि शेवटच्या तपासणीत जंतू नाहीत असं दिसलं, तरच ‘क्युअर्ड’. गोळ्या पूर्ण झाल्या पण शेवटची तपासणीच झाली नाही, तर फक्त ‘ट्रीटमेंट कम्प्लिटेड’. माणूस तोच, गोळ्या त्याच. पण कुणी तरी त्याला शेवटच्या दिवशी थुंकीची डबी हातात दिली की नाही, यावर शब्द बदलतो. त्यानंतरही सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी त्याला तपासायचं असतं.

साध्या टीबीचा उपचार 6 महिन्यांचा: पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने तीन. खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असतो. ताप गेलेला असतो, भूक लागायला लागते, वजन चढतं, माणूस लूमवर परत उभा राहतो आणि म्हणतो, ‘आता बरा झालो.’ गोळ्या सुटतात. उरलेले जंतू मग औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. म्हणून त्या मायला ‘हो, होईल बरा’ असं सांगून मोकळी होऊ नकोस. नातेवाईक ‘शुअर ना, सिस्टर?’ असं विचारतात ना? हा ‘शुअर’ही त्याच घरातला. ‘सिक्युअर’चा तो झिजलेला अवतार, अर्थ ‘काळजीपासून सुटलेला’. तुला त्यांना काळजीतून सोडवायचं नाहीये, त्यांची काळजी कामाला लावायची आहे. तिला सांग, ‘मावशी, या आजाराला औषध आहे आणि ते लागू पडतं. सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही. दोन महिन्यांनी तो म्हणेल मी बरा झालो, तेव्हा तुम्ही ऐकायचं नाही. गोळीने लघवी लालसर होईल, घाबरायचं नाही. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, किंवा नजर धूसर झाली तर लगेच या.’ एवढं सांगितलंस की तीही क्युअरमध्ये सामील झाली. आणि पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयांप्रमाणे पैसे बँकेत जमा होतात, त्यासाठी खातं जोडलंय का ते विचार. ‘नर्स’ या शब्दाचं मूळही पोसण्यात, खाऊ-पिऊ घालण्यात आहे.

जिथे तुला होकार देता येत नाही तिथे खोटा देऊ नकोस. पण ‘काही सांगता येत नाही’ म्हणून पाठही फिरवू नकोस. आज काय चाललंय ते सांग: ‘ताप उतरलाय, पण धाप आहे, ऑक्सिजन चालू आहे, रात्री मी आहे.’ एवढ्याने त्या बाईला रात्र काढता येते. आजाराचं भाकीत सांगणं डॉक्टरांचं काम आहे. डॉक्टरांपर्यंत तिला नेणं, ‘सर, यांना दोन मिनिटं द्या’ म्हणणं, हे मात्र तुझं आहे.

कुष्ठरोगाचा पेशंट आला तर जास्त विचार कर. गोळ्यांचा कोर्स सहा किंवा बारा महिन्यांत संपतो, जंतू मरतात, कागदावर तो मोकळा होतो. पण मज्जातंतू बधिर झाले असतील तर पायात खिळा घुसला तरी त्याला कळत नाही. रोज पाय पाण्यात भिजवून तेल लावणं, तळवा आरशात बघणं, मऊ तळाची चप्पल घालणं, हे त्याला आयुष्यभर करायचं असतं. शिवाय घरचे दार उघडतील का, हा प्रश्न कुठल्याच गोळीने सुटत नाही. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याला आनंदवन उभारायला घेतलं ते याच उरलेल्या भागासाठी. इंग्रजीत ‘हील’ म्हणतात त्याचं मूळ ‘होल’शी, अखंड होण्याशी जोडलेलं आहे. क्युअर झालेला माणूस अखंड झालेला असतोच असं नाही, आणि ही फट तुला दिसत राहिली पाहिजे.

आपल्या सुरतेला ही नजर नवी नाही. 1689 मध्ये इंग्लंडहून निघालेला ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री इथे आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात इथल्या जनावरांच्या हॉस्पिटलबद्दल लिहून ठेवलंय. म्हातारे बैल, लंगडे घोडे, आजारी कुत्री तिथे मरेपर्यंत सांभाळली जायची. त्याला त्याचं नवल वाटलं. मला वाटतं, ज्या गावात व्यापाराशिवाय दुसरी गोष्ट बोलली जात नव्हती, तिथे कामाला न येणाऱ्या बैलाला चारा घालणारी माणसं होती, ही सुरतेची फार मोठी ओळख आहे.

आपल्याकडचं शास्त्रही तुझ्या बाजूचं आहे. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला त्या चौघांत पूर्ण पाय मानलंय. त्याच्या अंगी उपचाराचं ज्ञान, कौशल्य, रोग्यावर माया आणि स्वच्छता हवी असं म्हटलंय. तुमच्या अभ्यासक्रमात याहून वेगळं काय आहे? आणि सेवेला आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. ओडिशाच्या गंजामचा कारागीर खाटेवर पडलाय, त्याला ना गुजराती नीट येत ना मराठी. तेव्हा वॉर्डात ओडिया जाणणारं कोण आहे ते शोधून काढ. त्याचं दुखणं त्याच्या भाषेत एकदा तरी ऐकलं गेलं पाहिजे. हे मी हक्काने सांगते, कारण मी शिकवत होते त्या महापालिकेच्या शाळांमध्ये गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा वर्गांची रांगच असायची, आणि स्वतःच्या भाषेत कुणी बोललं की मुलाचा चेहरा कसा उमलतो ते मी रोज बघितलंय.

स्वतःचंही बघ. डबल ड्युटी सलग करू नकोस, मास्क नीट बसलाय का ते आरशात तपास, सुई परत टोपणात घालू नकोस, आणि टोचलीच तर लपवू नकोस, त्याच तासात सांग. पेशंटच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी रडू आलं तर येऊ दे. माझ्याकडे ये, वहिनीला सांगून घाबरवू नकोस.

आता एक शेवटचं काम, आणि हे या महिन्यातच सुरू कर. दिवाळी आली की कारागीर गावी निघतील. दोंडाईचा, अमळनेर, नंदुरबारच्या गाड्या भरतील, आणि टीबीच्या गोळ्या नेमक्या तेव्हाच सुटतात. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येकाला विचार: गावी कधी जाणार, किती दिवस, गोळ्या किती उरल्यात. टीबीच्या सरकारी नोंदीतला निक्षय आयडी, तालुक्याचं नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून दे, आणि तिकडच्या केंद्राकडे ट्रान्सफर करायला टीबी सुपरवायझरना त्याच दिवशी सांग. मराठीत लिहायचे कागद माझ्याकडे पाठव. मी बसून हाताने लिहून देईन, माझं अक्षर अजून वळणदार आहे.

तुझी,
आत्या